न उघडलेला सिलिंडर

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाने नव्या इमारतीच्या निमित्ताने जी स्मरणिका काढली आहे, तिची मधली सगळी पाने एकाच गृहस्थाला वाहिलेली आहेत. हे गृहस्थ भूलतज्ज्ञ होते. मी त्याच रुग्णालयाचा शल्यचिकित्सक. आमच्या दोघांच्या नोकरीचा बहुतेक काळ एकाच टेबलाच्या दोन टोकांना गेला. ते रोग्याच्या डोक्याशी उभे असत, मी पोटाशी. स्मरणिकेत माझेही छायाचित्र आहे. समूहचित्रात, मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड.

म्हणून मी रागावलो आहे, असे लोक म्हणतील. म्हणोत. माझा आक्षेप मजकुराला आहे. एका लेखकाने लिहिले आहे की ह्या गृहस्थांचे वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते, त्यामुळे सावधगिरी त्यांच्या रक्तातच होती. वडील सिंदेवाहीकडचे धान पिकवणारे शेतकरी होते आणि खाण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मी त्यांच्या ओसरीवर बसून नव्या तांदळाचा भात खाल्लेला आहे. दुसऱ्याने लिहिले आहे की त्यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. ह्याहून मोठी थाप मी वाचलेली नाही. आणि शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, एक ओळ आहे: ‘त्यांची स्वतःची हर्नियाची शस्त्रक्रिया नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात झाली.’

ही ओळ खोडली गेली पाहिजे. मी अधीक्षकांकडे जाऊन तसे सांगितले. आताचे अधीक्षक तरुण आहेत, विनयशील आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना चहा पाजून वाटेला लावण्यात तरबेज आहेत. ते म्हणाले, “सर, आपण पुरवणी काढू. तुम्ही सविस्तर लिहून द्या ना.” मी लिहून देईन असे त्यांना वाटले नसावे. हे घ्या.

गृहस्थ बुटके, सावळे आणि कधीही घाईत नसलेले असे होते. प्रत्येक वस्तू ते दोन घेऊन हिंडत. खिशात दोन पेन, पिशवीत दोन टॉर्च, स्कूटरवर दोन हेल्मेट. मागे बसणारे कोणीच नसे. मी एकदा विचारले, “दुसरे हेल्मेट कोणासाठी?” तर म्हणाले, “रस्त्यात जो भेटन त्याच्यासाठी.” लग्नाला गेले की आधी मांडवाच्या दोऱ्यांच्या गाठी ओढून पाहत आणि मग बाहेर पडायच्या वाटेशी पान मांडून बसत. वरपक्षाचे लोक त्यांना बरेचदा मांडववालाच समजत आणि पंखे वाढवायला सांगत. ते निमूटपणे पंखा आणायला जात, मात्र आधी वायर तपासत.

रोग्याला त्यांनी कधी ‘काळजी करू नका’ असे म्हटलेले मी ऐकले नाही. हे वाक्य माझे होते. मी रोग्याला आजार समजावून सांगत असे, कागदावर आकृती काढून दाखवत असे, आणि शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत असे, “काळजी करू नका.” रोगी मान डोलवी आणि थरथरतच राही. मग हे गृहस्थ येत, उशाशी वाकत आणि सांगत, “काळजी मी करून राह्यलो. तुम्ही झोपा.” आणि माणूस शांत होई. माझ्या आकृत्या वाया जात. इतक्या सोप्या वाक्याचा हेवा करावा लागतो, ह्याचीच मला चीड येई.

विचारपूस करण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. टेबलावर घेतलेल्या प्रत्येकाला ते नाव, गाव आणि कोणत्या बाजूचे दुखणे, हे विचारत. समोरचा ओळखीचा असो की नसो. एकदा त्यांचे सख्खे मामाच शस्त्रक्रियेला आले.

“नाव सांगा.”

“अबे, मी मामा हाय तुहा!”

“मामाचं नाव काय?”

“लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलो तुले, अन् आता नाव पुसतेस?”

“खांद्यावर बसलो होतो तवा मामा मनत होतो. कागदावर मामा नाई लिहिलं.”

मामांनी नाव सांगितले, त्यापुढे एक शिवी जोडली आणि दुखणारी बाजूही दाखवली. ती बाजू बरोबरच होती. मी म्हणालो, “उगाच नातेवाइकाला दुखावलेत.” ते म्हणाले, “दुखावला तं दुखावला. बाजू तं खरी निंगाली ना.”

आता दगडांविषयी. स्मरणिकेत त्यांना ‘दगडवाले डॉक्टर’ म्हटले आहे आणि ती कल्पना त्यांना ध्यानात सुचली असे सूचित केले आहे. ध्यान वगैरे काही नाही. आम्ही शिबिरासाठी सावलीहून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावाकडे चाललो होतो. मोहफुले वेचण्याचे दिवस होते. वाटेत एका वळणावर दगडांचा ढीग होता. चालकाने जीप थांबवली, उतरून एक दगड त्या ढिगावर टाकला आणि परत येऊन बसला. हे गृहस्थही उतरले आणि त्यांनीही टाकला. मी बसून राहिलो.

“कशाचा ढीग?” मी विचारले.

“इथी वाघानं माणूस नेला होता.”

“तुमच्या ओळखीचा?”

“नाई. माह्या बापाच्याबी ओळखीचा नसन.”

“मग दगड कशासाठी?”

“दगड उचलाले थांबा लागते. थांबला का माणूस चवकडे पाह्यते.” जीप सुरू झाल्यावर ते जरा वेळाने म्हणाले, “इतके लोक थांबून पाह्यतेत, मनून पुन्हा काई झालं नाई तिथी.”

मी ह्या तर्काला हसलो. वाघ दुसरीकडे गेला असेल, असेही सुचवले. त्यांनी ते मान्य केले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती घटना घडली, जी स्मरणिकेत साफ उलटी छापली आहे. तिथे लिहिले आहे की सिस्टरने चुकीचे औषध पुढे केले आणि ह्यांनी ते वेळीच ओळखले. मी तिथेच हात धुऊन उभा होतो. सिस्टरने काहीही पुढे केले नव्हते. ट्रेमध्ये दोन छोट्या काचेच्या कुप्या शेजारीशेजारी होत्या. एक पाठीच्या कण्यात टोचायच्या भुलीच्या औषधाची, दुसरी रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाची. दोन्ही सारख्या उंचीच्या, दोन्हींत पाण्यासारखे औषध. दुसरे औषध कण्यात गेले तर माणूस वाचणे कठीण. ह्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने चुकीची कुपी उचलली. औषध भरण्याआधी नाव मोठ्याने वाचायची त्यांची सवय होती. ते वाचू लागले आणि अर्ध्यातच थांबले.

“हे नाई,” ते म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असे: “मी चुकीची उचलली.”

सिस्टर पांढरीफटक पडली. ट्रे तिने लावला होता. “सर, माझी चूक झाली,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

“रडू नोको बाई. उचलली मी. ट्रे कोणं लावला ते नाई पुसून राह्यलो. ह्या दोघी शेजारी काऊन राह्यतेत, ते पुसून राह्यलो.”

त्या दिवसापासून दुसरी कुपी दुसऱ्या कपाटात गेली आणि तिच्या खणाला लाल पट्टी लागली. शस्त्रक्रिया उरकल्यावर गृहस्थ बाहेर बांधकामाच्या गिट्टीपाशी गेले, एक दगड निवडला, साबणाने घासून धुतला आणि कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिला. चहाच्या वेळी सर्वांसमक्ष, नोकरांसमक्ष, त्यांनी आपली चूक पुन्हा सांगितली. मला ते अत्यंत अशोभनीय वाटले. डॉक्टरने आपली चूक झाडूवाल्यासमोर सांगायची असते काय?

तर ही त्यांची चूक. मी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि ती त्यांच्या नावावरून पुसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पुढे तशी प्रथाच पडली. काही होता होता राहिले की ज्याच्या ध्यानात आले त्याने धुतलेला दगड खिडकीत ठेवायचा आणि चहाला सांगायचे. दगड कोणाच्या चुकीचा हे विचारायचे नाही. वॉर्डातल्या मावशींनी ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचलेल्या बाळंतिणीचा ठेवला. औषधे देणाऱ्याने एकाच आडनावाच्या दोन म्हाताऱ्यांचा ठेवला. मी कधीच ठेवला नाही. नागपूरहून तपासणीला आलेल्या साहेबांनी ती आरास पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारले, “हे काय, देव मांडलाय का इथे?”

“देव नाई साहेब,” गृहस्थ म्हणाले, “वाघ हाय.”

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिले ते मला कळले नाही, पण दगड खिडकीतच राहिले.

आता मी स्वतःविषयी लिहितो, कारण स्मरणिकेत ते कोणी लिहिलेले नाही. हे गृहस्थ येण्यापूर्वी ह्या भागात माझे नाव होते. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस मी शिवून उभा केला. त्याचे आणि माझे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडच्या गावांतल्या बायका अडकत आणि कशाबशा खाटेवरून, ट्रॅक्टरवरून, अखेरच्या घटकेला माझ्या टेबलावर येत. मी पोट उघडी, मूल बाहेर काढी, दोघांना वाचवी. बाहेर जमलेले गाव माझ्या पायांवर डोके ठेवी. सगळ्याच वाचत नसत, हेही खरे. पण जी वाची तिची गोष्ट होई आणि त्या गोष्टीत मी असे.

ह्या गृहस्थांनी येऊन काय केले? पावसाळा तोंडावर आला की ते गावागावांच्या आशाताईंना निरोप धाडत आणि दिवस भरत आलेल्या बायकांना नाला चढण्याआधीच अलीकडे आणून ठेवत. रुग्णालयामागच्या खोल्यांत त्या आपल्या आया-सासवांसह राहत, तांदूळ निवडत, एकमेकींच्या वेण्या घालत. पोट दुखू लागले की अंगण ओलांडून येत. बहुतेकींना माझी गरजच पडत नसे. जिला पडे तिची शस्त्रक्रिया दिवसाउजेडी होई, रक्ताची पिशवी आधीच तयार असे, आणि कोणी धावत नसे. कोणी रडत नसे. माझ्या पायांवर डोके ठेवण्याचे कोणाला कारणच उरले नाही. पराक्रमाला आधी संकट लागते, आणि ते हा माणूस वेशीवरच अडवून ठेवत होता.

अशाच एका बाळंतिणीची सासू टोपलीभर मोहाचे लाडू घेऊन आली. मी व्हरांड्यात उभा होतो. सिझेरियन मी केले होते.

“दगडवाले डॉक्टर कुठी हायेत जी?”

“बाहेर गेलेत. काय काम आहे?”

“त्याईले लाडू द्याचे होते. सुनंले आधीच बोलावून घेतलं ना त्याईनं.” तिने मला आपादमस्तक न्याहाळले. “तुमी त्याईचे असिस्टंट का?”

मी लाडू पोहोचवले. गृहस्थांनी त्यातला एक मला दिला. मी तो खाल्ला नाही.

त्यानंतरची गोष्ट सिलिंडरची. स्मरणिकेत तिला दोन पाने दिली आहेत, आणि त्यातले एकच वाक्य खरे आहे: शस्त्रक्रिया झाली. एका ठेकेदाराच्या वडिलांची होती. सगळी तयारी झाली आणि ह्या गृहस्थांच्या लक्षात आले की ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर एकच आहे. दुसरा, जो बाजूला राखून ठेवायचा, तो रिकामा निघाला. ते दाराबाहेर स्टुलावर जाऊन बसले. दुसरा येईपर्यंत भूल देणार नाही, म्हणाले. ठेकेदाराचा आवाज चढला. मीही त्याचीच बाजू घेतली, हे मी लपवत नाही. एक सिलिंडर त्या शस्त्रक्रियेला पुरेपूर होता आणि माझा हिशेब अचूक होता.

“तुम्ही भ्यालात,” मी म्हणालो.

“हाओ,” ते म्हणाले. “ते माहं कामच हाय ना, साहेब.”

चंद्रपूरहून सिलिंडर येईस्तोवर दुपार टळली. म्हाताऱ्याला भूक लागली होती, पण त्याला काही देता येत नव्हते, आणि तो बिछान्यावरून सगळ्यांना शिव्या घालत होता. गृहस्थ तेवढे स्टुलावर ढिम्म बसून होते. मग शस्त्रक्रिया झाली.

स्मरणिकेतील लेखक म्हणतो की मध्येच पहिला सिलिंडर संपला, पडद्यावरचे आकडे कोसळू लागले, गृहस्थांनी विजेच्या वेगाने दुसरा जोडला आणि प्राण वाचवले. असत्य! पहिला सिलिंडर शेवटपर्यंत पुरला. दुसऱ्याची चावीसुद्धा कोणी फिरवली नाही. तो जसा आला तसाच भिंतीशी उभा राहिला. मी हातमोजे काढता काढता जोरात म्हणालो, “पाहिलेत? लागला का दुसरा?”

त्यांनी सिलिंडरवर प्रेमाने थाप मारली. “नाई लागला,” ते म्हणाले. “चांगला दिवस होता.”

लेखकाला हे का लिहिता आले नाही, ते मला समजते. काहीच न घडलेली गोष्ट सांगायची कशी? म्हणून त्याने एका निरोगी सिलिंडरला मध्येच संपवले आणि एका म्हाताऱ्याला उगाच मरणाच्या दारात नेऊन परत आणले. ज्या माणसाने जन्मभर विजेचा वेग लागू नये म्हणून धडपड केली, त्याच्या हातात ह्यांनी वीज दिली. वीज माझी होती. ती मला द्यायला हवी होती.

पुरवणीबद्दल बोलायला गेलो तेव्हा अधीक्षकांनी मला नव्या इमारतीत नेले. त्यांनी ते दगड काचेच्या कपाटात मांडले आहेत, खाली पितळी पाटी आहे, वर दिवा आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

“कुलूप कशाला?” मी विचारले.

“सर, हा वारसा आहे. कोणी उचलून नेऊ नये.”

“नेण्याची भीती नाही. नवा ठेवायचा कोणी आणि कुठून?”

ते हसले, म्हाताऱ्यांना पाहून हसतात तसे. मी आणखी बोलणार होतो, तेवढ्यात मला दिसले की कपाटाच्या माथ्यावर, काचेच्या बाहेर, एक दगड ठेवलेला आहे. नुकताच धुतलेला, त्याच्याखाली पाण्याचे वर्तुळ उमटले होते. मागे सिस्टर उभी होती. तीच, कुप्यांच्या दिवशी पांढरीफटक पडलेली. आता केस पांढरे झालेली इनचार्ज सिस्टर. अधीक्षकांनी तिच्याकडे पाहिले.

“कोणाचा हा?”

“ते पुसत नाई, सर,” ती म्हणाली.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. हर्निया उजव्या बाजूचा होता. त्यांची मुलगी नागपूरला डॉक्टर होती आणि तिने सगळी सोय केली होती, हे खरे. लेखकाची चूक तिथूनच झाली असावी. पण एका दुपारी हे गृहस्थ माझ्या खोलीत आले, दारालगतच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सर्जनसाहेब, तारीख द्या.”

माझ्या मनात काय झाले ते लिहिण्याची मला लाज नाही. वर्षानुवर्षे लोकांनी ज्याला निवडले होते, त्याने मला निवडले होते. ते त्याच्या तोंडून ऐकावे, असे मला वाटले. मी विचारले, “नागपूर सोडून माझ्याकडे का?”

“तुमच्या हातासाठी नाई,” ते म्हणाले. “हात तं नागपुरातबी हायेत. पण आपल्या खोलीत एक चुकला तं दुसरा बोलते. तिथी बोलते का नाई, मले मालूम नाई.”

इतकेच. मी कितीतरी दिवस ते वाक्य उलटसुलट करून पाहिले; त्यात माझ्यासाठी काही सापडते का ते शोधले. एका माणसाचा हेवा करणे मला जमत आले होते. आता एका खोलीचाही करावा लागला.

भूल द्यायला चंद्रपूरहून एक तरुण आला. कमरेखाली बधिर करायचे होते, म्हणजे गृहस्थ जागेच राहणार होते. सिस्टरने मला खूण केली. विचारायचे मला होते.

“नाव?” मी म्हणालो.

त्यांनी नाव सांगितले. वडिलांचे सांगितले. गाव सांगितले. आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. मग पडदा बांधला गेला, मी चाकू हातात घेतला आणि सिस्टर म्हणाली, “सर, बाजू?”

“उजवी. खूण मीच केली आहे. मला माहीत आहे.”

पडद्यापलीकडून आवाज आला, “माहीत हाय तरी मोठ्यानं सांगा, साहेब. पेशंट भेऊन राह्यला.”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो असेन. तोंडावर मास्क होता. मी मोठ्याने म्हणालो, “उजवी.” सिस्टर म्हणाली, “उजवी.” चंद्रपूरचा तरुण म्हणाला, “उजवी.” भिंतीशी दोन सिलिंडर उभे होते. मग मी कामाला लागलो. जरा वेळाने पडद्याआडून घोरण्याचा आवाज येऊ लागला. त्या माणसाने आपली काळजी करण्याचे काम तेवढ्या वेळेपुरते दुसऱ्या कोणावर तरी सोपवले होते. कोणावर, ते मी विचारले नाही.

नंतर ते बरीच वर्षे जगले, धानाच्या बांधावरून चालत राहिले, आणि वय झाल्यावर सिंदेवाहीकडच्या आपल्या घरीच वारले. माझ्या हातांनी अस्वलाचा माणूस शिवला, पुरातल्या बायका सोडवल्या. पण कोणी मला माझी सर्वांत चांगली शस्त्रक्रिया विचारली तर मी ही सांगेन, आणि पुढे काय सांगावे ते मला सुचणार नाही.

तेव्हा अधीक्षक महोदयांनी पुरवणीत दुरुस्ती अशी छापावी: ‘ही शस्त्रक्रिया ह्याच रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत झाली. ती मी केली. त्या दिवशी काहीही घडले नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये.